शब्दाशब्दाचा हिशेब

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि सोबत तू इतरांसाठी लिहिलेली परवाच्या शब्दकोड्याची उकलही मिळाली. सगळी घरं भरलेली, कुठे खाडाखोड नाही, उत्तरंही सगळी बरोबर. फार आनंद झाला. वाचताना एका जागी मात्र मी थांबले. सातव्या आडव्या शब्दापुढे तू लिहिलंस, ‘नगर. सोपं आहे.’ आजचं पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

क्लू होता, ‘पुरुषाच्या पोटात गर्वाची सुरुवात झाली की शहर वसतं (३)’, कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. तू हे कसं सोडवलंस याचा मला अंदाज आहे. उभ्या शब्दातून शेवटचा ‘र’ आधीच आलेला होता. शहर म्हटल्यावर तीन अक्षरांत ‘नगर’ चटकन सुचलं, बसलंही, आणि तू पुढे गेलीस. सोडवताना असं करण्यात काहीच गैर नाही, मीही रोज करते. पण तू दुसऱ्यांना समजावून सांगायला बसली होतीस. ज्याला हे उत्तर आलं नाही, त्याला तुझ्या ओळीतून काय मिळालं? उत्तर तर उद्याच्या अंकात छापून येणारच आहे.

आता तोच क्लू माझ्याबरोबर पुन्हा वाच. ‘शहर’ ही व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ. ‘पुरुष’ म्हणजे नर. ‘पोटात’ ही खूण आहे, काहीतरी मध्ये घालायचं आहे असं ती सांगते. काय घालायचं? ‘गर्वाची सुरुवात’, म्हणजे गर्व या शब्दाचं पहिलं अक्षर, ‘ग’. ‘नर’च्या मध्ये ‘ग’ गेला, न-ग-र झालं. ‘झाली की’ हे दोन्ही बाजू जोडणारे शब्द. आणि ‘वसतं’? त्याला काहीच काम नाही, ते फक्त वाक्य पुरं करायला आलंय. तुझ्या उकलीत मला हेही लिहिलेलं हवं होतं. क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब दे, आणि ज्याचा लागत नाही त्याच्याकडे बोट दाखव.

हा आग्रह माझ्या पदरचा नाही. वर्तमानपत्रातलं पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापलं. त्यातले क्लू सरळ अर्थाचे होते. शब्दांशी खेळणारे गूढ क्लू इंग्लंडमध्ये रुजले. तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात १९२६पासून तोर्केमादा या टोपणनावाने येणारी कोडी नुसत्या गूढ क्लूंची असत आणि भयंकर अवघड असत. १९३९मध्ये त्यांच्या जागी झिमेनीझ या टोपणनावाने कोडी रचणारे आले. त्यांच्या शिस्तीचं सार असं सांगतात: क्लूमध्ये नेमकी व्याख्या असावी, शब्दखेळाची प्रामाणिक खूण असावी, आणि याखेरीज एक शब्दही नसावा. रचणाऱ्यावर हे बंधन आहे, म्हणून तर सोडवणाऱ्याला हिशेब मागता येतो. रचणारा फसवणार, ते त्याचं कामच आहे. पण वाक्य नीट वाचलं तर त्यात उत्तराकडे जाणारी वाट असलीच पाहिजे.

मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त अवघड जातं, आणि का ते तुला माहीत असायला हवं. गूढ क्लूमध्ये व्याख्या एकतर सुरुवातीला असते किंवा शेवटी. मराठी वाक्याच्या शेवटी मात्र क्रियापद येऊन बसतं. ‘शहर वसतं’मधलं ‘वसतं’ असंच उरलं. रचणाऱ्याने ‘पुरुषाच्या पोटात गर्वाची सुरुवात होऊन वसलेलं शहर’ असं लिहिलं असतं, तर क्लू नेमका शहरावर संपला असता. ‘आज रात्री लपून आलेलं म्हातारपण (२)’ हा क्लू बघ. ‘आज रात्री’ची अक्षरं सुटी कर: आ, ज, रा, त्री. मधोमध ‘जरा’ लपून बसली आहे, आणि जरा म्हणजे म्हातारपण. ‘लपून आलेलं’ ही खूण. एकही शब्द शिल्लक राहत नाही. असा क्लू सुटला की मी पेन्सिल खाली ठेवते आणि तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचते.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘वाडा’ या शब्दात काही लपवायचं तर वाक्यात तो ‘वाड्यात’ होतो, ‘डा’ गेला आणि ‘ड्या’ आला. म्हणजे रचणाऱ्याने मूळ शब्द धरलाय की वाक्यात दिसतो तो, हे दर वेळी पाहावं लागतं. वरच्या उदाहरणात ‘गर्वाची’ लिहिलं असलं तरी हवं आहे ते पहिलंच अक्षर, आणि ते प्रत्यय लागून बदलत नाही. म्हणून तिथे अडचण आली नाही. उकल लिहिताना तू कोणतं रूप घेतलंस ते स्पष्ट लिहीत जा. नवशिक्या माणसाचं घोडं नेमकं इथेच अडतं.

आता अक्षरांबद्दल. आपल्या कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर जातं, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही सबंध. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत मावतं: स्वा, तं, त्र्य. ‘विद्यार्थी’सुद्धा तीनच: वि, द्या, र्थी. त्यामुळे आडव्या-उभ्याच्या छेदातून एक जरी घर मिळालं तरी हाती बरंच लागतं. नुसता ‘द’ मिळत नाही, ‘द्या’ मिळतो. उलट बाजूने, वेलांटी चुकली की सगळंच चुकलं. ‘पाणी (२)’ असा साधा क्लू आला की जल, नीर, तोय असे तिघे दारात उभे राहतात. अशा वेळी मी काहीच लिहीत नाही, छेद येईपर्यंत थांबते. दुसऱ्या घरात ‘र’ आला तर ‘नीर’ म्हणायचं. पण पहिल्या घरातून आडवा ‘निवास’ जात असेल तर दोघांतलं एक नक्की चूक, कारण ‘नि’ आणि ‘नी’ एका घरात राहू शकत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे शुद्धलेखनाचे नियम एकदा शांतपणे वाचून काढ. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून घरात ‘कवी’ येणार, पण ‘कविराज’मध्ये ‘वि’ ऱ्हस्वच राहणार. कोड्यात या नियमांचा रोज उपयोग होतो.

‘उलट्या वाहणाऱ्या नदीमुळे गरीब (२)’. न-दी उलटी केली, दी-न. दीन म्हणजे गरीब, अगदी चोख. पण याच खेळाला कुणी ‘दिवस’ अशी व्याख्या दिली तर ती चूक ठरेल, कारण दिवस म्हणजे ‘दिन’, आणि नदीतली ‘दी’ दीर्घ आहे. मी पहिल्यांदा स्वतः कोडं रचायला घेतलं तेव्हा ‘नवरा’ उलटा केला की ‘रावण’ होतो या कल्पनेवर सबंध कोपरा उभा केला होता. क्लू मनासारखा जमला, चौकट भरली. सगळं स्वच्छ कागदावर उतरवताना लक्षात आलं की नवरा उलटला तर ‘रावन’ होतं, ‘ण’ कुठून येणार? अख्खा कोपरा पुसावा लागला, चार दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून उलटा शब्द मी एकेक अक्षर वेगळं लिहून तपासते. तूही तसंच कर, मनातल्या मनात उलटू नकोस. ‘नवजीवन’सारखा शब्द दोन्हीकडून सारखाच आहे, हेही असं लिहून पाहिल्यावरच डोळ्यांना दिसतं.

शब्दांच्या अर्थांची एक वही कर, ही माझी दुसरी विनंती. तिच्यात अवघड शब्द भरू नकोस, रोजचेच शब्द घे आणि त्यांची पोटं उघडून बघ. ‘सर’ घे. पावसाची सर येते, ती स्त्रीलिंगी. मोत्यांचा सर, तो पुल्लिंगी. नकलेला मूळ चित्राची सर येत नाही. किल्ला सर करतात. शाळेत शिकवतात तेही सर. दोन अक्षरांत इतकं सामावलंय, आणि रचणारा यातला कोणताही अर्थ उचलणार. ‘मोत्यांच्या माळेपुढे दरवाजा, आत मानकरी (४)’ असा क्लू आला तर सर आणि दार शेजारी ठेवायचे, सरदार मिळतो. (‘आत’ इथे दिशाभूल करतो, कशाच्याही आत काही जात नाही. मला असा क्लू आवडत नाही आणि उकलीत मी तसं लिहीन.) ‘कायद्यातही असतं, बागेतही (३)’ याचं उत्तर ‘कलम’, आणि तिसरा अर्थ लेखणी. असे शब्द जमवत गेलीस की वाक्य वाचतानाच कान टवकारले जातात. कोडी सोडवण्याचं कौशल्य म्हणतात ते मला तरी बरंचसं या कानातच दिसतं.

सोडवण्याच्या क्रमाबद्दल विचारलं होतंस. आधी सगळे क्लू एकदा वाचून काढ, कुठेही अडकून बसू नकोस. म्हणीतली गाळलेली जागा सापडली तर तिथून सुरुवात कर. ‘नाचता येईना, --- वाकडं (३)’ मधलं ‘अंगण’ एकदा बसलं की तीन छेद पक्के. मग लिंग, वचन आणि रूप बघ. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी, ‘धावतो’ला ‘पळतो’, ‘पळणे’ नव्हे. व्याख्येच्या जागी उत्तर ठेवून वाक्य म्हणून पाहा, खटकलं तर उत्तर पुसायला तयार राहा. आणि अडलंच तर कागद घडी घालून ठेवून दे. सकाळी तासभर डोकं घालूनही न सुटलेला क्लू संध्याकाळी कागद उघडताक्षणी सुटतो, कारण सकाळी ज्या चुकीच्या वाचनाला आपण चिकटलो होतो ते तोवर सुटलेलं असतं.

पुन्हा उकलीकडे येते, कारण तुझं खरं काम तेच आहे. ‘सोपं आहे’, ‘उघड आहे’, ‘लगेच आलं’ हे शब्द तुझ्या लिखाणातून कायमचे काढून टाक. तुझी उकल वाचायला येणारा माणूस त्याच क्लूवर अडून आलेला असतो. त्याने अर्धा तास घालवलाय आणि तू त्याला सांगतेस की हे सोपं होतं. मी अशी कितीतरी माणसं पाहिली आहेत ज्यांनी याच एका शब्दामुळे कोडी सोडून दिली. त्यांना वाटलं, आपल्याला जमणारी ही गोष्ट नव्हे. जमली असती. त्यांना कुणीतरी फक्त एवढं सांगायला हवं होतं की ‘पोटात’ ही खूण आहे.

म्हणून आधी उत्तर देऊ नकोस. व्याख्या कुठे आहे ते अधोरेखित कर आणि एक ओळ सोड, काहींना तेवढंच पुरतं. मग खूण कोणती आणि ती काय करायला सांगते ते लिही. मग तुकडे जोड. उत्तर सगळ्यात शेवटी. उत्तर आधी सुचलं आणि कारण नंतर सापडलं, तर तसं लिही. त्यात कमीपणा नाही, उलट वाचणाऱ्याला कळतं की असंही चालतं. कारण सापडलंच नाही तर ‘उत्तर बसतंय, पण अमुक शब्दाचा हिशेब लागला नाही’ एवढं सरळ लिहून मोकळी हो. ओढूनताणून जुळवलेलं कारण मात्र कधीही देऊ नकोस. ते वाचून शिकणारा पुढच्या दहा क्लूंमध्ये तीच ओढाताण करत बसेल. क्लू सदोष वाटला तर दोष क्लूचा दाखव, रचणाऱ्याच्या वकुबावर घसरू नकोस. रोज एक चौकट भरून देणं म्हणजे काय कष्ट असतात ते एकदा स्वतः रचून पाहिलंस की कळेल. बक्षिसाचं कोडं असेल तर उत्तरं पाठवायची मुदत टळेपर्यंत एक अक्षरही सांगायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

‘नगर’ची उकल पुन्हा लिहून पाठव. आणि सोबत हा माझा एक, परवाच सुचलेला. यात ‘वसतं’सारखा रिकामा शब्द राहिलाय का तेही बघ.

‘वारा फिरताच आलेला पोपट (२)’.

तुझी,
मावशी