चौघांच्या टेबलावर डेक का दमतो?

प्रश्न: 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात दोघांच्या सामन्यात माझा वेगवान हल्ल्याचा डेक (खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा) छान चालतो. त्याच धर्तीवर कमांडर (जास्त खेळाडूंनी 100 कार्डांच्या डेकने खेळायचा प्रकार) डेक बांधला, पण चौघांत खेळताना मधल्या टर्नपर्यंतच हात रिकामा होतो. काय बदलू?

उत्तर: आधी हिशोब बघा. दोघांच्या खेळात समोरच्याचे 20 लाइफ (जीवन-गुण) संपवायचे असतात; इथे प्रत्येकी 40, म्हणजे तिघांचे मिळून 120. एवढं अंतर स्वस्त क्रीचर्सच्या (हल्ला करणाऱ्या प्राणी-योद्ध्यांच्या कार्डांच्या) जोरावर कापलं जात नाही. म्हणून पहिली भरती कार्ड ड्रॉची (जास्तीची कार्डं हातात आणून देणाऱ्या कार्डांची) करा, निदान दहा कार्डं. त्यातही दर टर्नला कार्ड देत राहणारी मला जास्त आवडतात. 100 पैकी 37 लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा देणारी कार्डं) ठेवा, म्हणजे सुरुवातीच्या सात कार्डांत सरासरी अडीचच्या वर येतात.

एकास एक रिमूव्हल (समोरच्याचं एकच कार्ड नष्ट करणारी कार्डं) जपून वापरा. तुम्ही एक कार्ड खर्चून एकाचं कार्ड मारता, तेव्हा बाकीचे दोघं फुकटात पुढे जातात. सगळं टेबल साफ करणारी तीन-चार कार्डं मात्र हवीतच.

आणि अगदी मनापासून सांगते, पहिल्याच टर्नपासून दरारा दाखवू नका. तिघंही तुमच्यावरच तुटून पडतील. जिंकून देणारं कॉम्बो (एकत्र वापरायची कार्डांची जोडी) हातात आलं, तरी ते वाचवायला एखादं काउंटरस्पेल (समोरच्याची चाल रद्द करणारं कार्ड) किंवा संरक्षणाचं कार्ड मिळेपर्यंत थांबा.