सीझन तिकिटाआधी कॅलेंडर बघ

मर्दा, फुटबॉल बघायला जायचा पहिलाच सीझन ना तुझा? मग सीझन तिकीट, म्हणजे क्लबच्या घरच्या सगळ्या सामन्यांचं एकच तिकीट, घेऊ नको. मी सलग चार वर्षं घेतलं, यंदा सोडलं.

2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये 13 संघ होते, म्हणजे बाकीच्या प्रत्येकाशी एक असे घरच्या मैदानावर 12 सामने. आपण पडलो बेळगावकर. गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला जायचं तर चोर्ला नाहीतर अनमोडचा घाट, बेंगळूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. सामना साडेसातला सुरू, सुटेस्तोवर साडेनऊ. बुधवार-गुरुवार असला की दुसऱ्या दिवशीची रजा गेलीच. मी कसेबसे पाच बघायचो, बाकी सात पाण्यात. (बायको त्याला ‘तुमची देणगी’ म्हणायची.)

पण पैशाचं एवढं नव्हतं. आवडता खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्याच जर्सीत दिसायचा, आणि मी त्याच्या नावाचा टी-शर्ट घालून घाटात उलट्या करतोय! तिथं मन उडालं.

तू सुटं तिकीट काढ. शनिवार-रविवारचे दोन-तीनच सामने धर, गाडीत चौघं बसा, पेट्रोल वाटून घ्या. रात्री घाटात धुकं असलं तर खालीच मुक्काम कर. आणि एरवी संध्याकाळी लेले मैदानावर ये, सहानंतर मी असतो तिथं.