आईचा श्वास आणि सोसायटीचे मशीन

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये मी आमच्या सोसायटीचा सचिव होतो. करोनाची दुसरी लाट भरात होती, रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, म्हणून ४८ घरांतून वर्गणी काढून आम्ही मिनिटाला पाच लिटरचा एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे मशीन) घेतला. पहिली गरज माझ्याच आईला लागली. तिचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी, ९० वर आले होते. तीन दिवसांत ते मशीन काढले तरी ९५ राहू लागले. चौथ्या रात्री बी विंगमधील काकू दाराशी आल्या. काकांचे ८६ दाखवत होते. 'मशीन बंद पडले आहे,' असे मी सांगितले, तेव्हा ते आतल्या खोलीत चालू होते. काकांना पहाटे खाट मिळाली, पण सहाव्या दिवशी ते गेले. आई आज ७५ वर्षांची आहे. एका जिवलगासाठी सर्वांच्या हिताचा बळी देणे कधी योग्य ठरते का? आणि काकूंना हे आता सांगावे का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : पहिल्या तीन दिवसांबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावू नये. गरज होती, दुसरा कुणी मागणारा नव्हता, आणि मशीन त्यासाठीच घेतले होते. दुसरी एक गोष्टही मनातून काढावी, ती म्हणजे काका तुमच्यामुळे गेले ही. सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेले की डॉक्टरांना गाठावे, असे तेव्हा सांगितले जात होते; ८६ वर असलेल्या माणसाला रुग्णालयच हवे होते, आणि पाच लिटरचे मशीन त्याला पुरले असते असे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र त्या रात्री असा काही हिशेब करून तुम्ही नकार दिला नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

मला अधिक सलते ते तुमचे खोटे बोलणे. 'देत नाही' असे तुम्ही म्हणाला असतात, तर काकू भांडल्या असत्या, जिन्यात चार माणसे जमली असती, कुणीतरी डॉक्टरांना फोन लावून ९५ आणि ८६ हे दोन्ही आकडे त्यांच्या कानावर घातले असते. आत बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे येत असताना 'बंद पडले आहे' असे ऐकून ती बाई मुकाट्याने परत गेली, कारण बिघडलेल्या मशीनशी कुणी भांडत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. दुर्योधन जन्मला तेव्हा अपशकुन झाले आणि विदुराने धृतराष्ट्राला सांगितले, 'कुळासाठी एकाला सोडावे, गावासाठी कुळाला सोडावे. हा एक टाकून दे, नव्याण्णव उरतील.' पुत्रस्नेहाने बांधलेल्या धृतराष्ट्राने ते ऐकले नाही, आणि पुढच्या सर्वनाशाचे मूळ तिथेच आहे असे आपण शिकत आलो. मला हे पटत नाही. ज्याने अजून काहीच केलेले नाही, अशा तान्ह्या मुलाला लोकहितासाठी टाकून देणारा बाप मला शहाणा वाटत नाही. धृतराष्ट्र चुकला तो द्यूतसभेत. तिथे तो केवळ बाप नव्हता, राजा होता. खेळ थांबवण्याचा अधिकार त्याच्या हाती होता, आणि तो 'जिंकले का, जिंकले का?' असे अधीरतेने विचारत बसला. बापाची माया त्याने राजाच्या आसनावर बसून खर्च केली.

हा पेच पुराणातच राहिलेला नाही. डिसेंबर १९८९ मध्ये केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती महंमद सईद यांच्या मुलीचे श्रीनगरमध्ये अपहरण झाले आणि तिच्या सुटकेसाठी पाच दहशतवादी सोडण्यात आले. त्या बापाचा जीव तुटला असेल, यात शंका नाही. पण दहा वर्षांनी इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहरण करून अफगाणिस्तानात कंदाहारला नेण्यात आले, तेव्हा प्रवाशांच्या नातेवाइकांनी विचारले की मंत्र्याच्या मुलीसाठी जे झाले ते आमच्या माणसांसाठी का नाही? या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हते. प्रवाशांच्या बदल्यात तीन दहशतवादी सुटले आणि त्यांतल्या मसूद अझहरने लगेच पुढच्या वर्षी जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना उभी केली. त्या नातेवाइकांना मी दोष देणार नाही. आपल्या माणसासाठी आकांत करणे हे नातेवाइकांचेच काम आहे. आकांत ऐकून निर्णय घेणाऱ्याचे काम वेगळे असते, आणि ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्याला आली की त्याने एक तरी दुसऱ्याच्या हाती सोपवायला हवे.

मशीन तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतले असते आणि आईचे पुन्हा खाली गेले तर, या भीतीने ते दिले नसते, तर मी तुम्हाला एका शब्दानेही दुखावले नसते. सगळ्यांची माया सगळ्यांवर सारखीच असती, तर आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसले असते कोण? पण ते मशीन ४८ घरांचे होते, काकांच्या घराची वर्गणीही त्यात होती, आणि कपाटाची किल्ली तेवढी तुमच्याकडे होती. आपले असेल ते जिवलगावरून ओवाळून टाकावे. राखायला दिलेले असेल ते नाही. म्हणून त्या रात्री तुम्ही चुकलात, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागते. निदान समितीतल्या दुसऱ्या कुणाला बोलावून 'माझी आई आहे, तुम्ही ठरवा' एवढे म्हणणे तुमच्या हातात होते.

काकूंना सांगावे, असे माझे मत आहे. 'त्या वेळी मशीन चालले असते तर' हा विचार त्या इतकी वर्षे करत असतील, कदाचित नशिबाला बोल लावत असतील, आणि त्या रात्री खरे काय घडले हे कळण्याचा हक्क त्यांचा आहे. एकटे जा, थोडक्यात सांगा, ८६ वर मशीन पुरलेच असते असे नाही, ही सफाई त्यांनी विचारल्याशिवाय देऊ नका, आणि क्षमाही मागून घेऊ नका. ती द्यायची की नाही हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. आईच्या कानावर मात्र आधी तुम्हीच घाला, कारण तिने काहीच मागितले नव्हते आणि हे तिला जिन्यात कुणाकडून कळता कामा नये. काकूंनी ऐकून दार लावून घेतले, तर पुन्हा बेल वाजवू नका.