स्पेशल टूलशिवाय स्टिक कॉइल आणि स्पार्क प्लग काढणं

तुमचे प्रश्न दोन. दोन सिलिंडरच्या बाइकचे प्लग आणि त्यांच्यावर बसणाऱ्या स्टिक कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कांडीसारख्या कॉइल) घरच्या घरी, खास पाना न घेता काढता येतील का? आणि "इंजिन गरम असताना काढ, सहज निघतात" हा मेकॅनिकचा सल्ला बरोबर का?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण हा सल्ला गॅरेजगणिक ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. प्लग ज्यात बसतो ते हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून गरम हेडमध्ये प्लगची पकड ढिली होते. इथवर खरं आहे. पण आट्यांत कार्बन धरलेला असेल तर गरम हेडचे आटे सोलवटायची भीती जास्त. बाहेर आलेल्या प्लगच्या आट्यांत चकचकीत, चांदीच्या तारेच्या वेटोळ्यासारखा धातू गुंडाळलेला दिसला की समजा, ते हेडचे आटे आहेत. मग हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावं लागतं, आणि ते करताना निघणारा धातूचा किस सिलिंडरमध्ये पडू द्यायचा नसेल तर त्यासाठी हेड उतरवणंच शहाणपणाचं. तो खर्च गाडीवाल्याच्या खिशातून जातो, सल्ला देणाऱ्याच्या नाही. शिवाय गरम हेडमध्ये नवा प्लग आवळला तर गार होताना हेड त्याला धरून बसतं आणि पुढच्या वेळी तो हलत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी काम करा.

आता काढणं. टाकी उतरवली की कॉइलची डोकी दिसतात. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. आधी कॉइलचा कनेक्टर काढा, मग कॉइल. कनेक्टरच्या भागाखाली स्क्रू ड्रायव्हर घालून कॉइल उचकटायची नाही. प्लॅस्टिक तिथेच तडकतं, आणि केसाएवढी तड गेली तरी पावसात मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकणं, सुरू होतो. कॉइल अडकते ती वरच्या रबरी सीलमुळे आणि खालचं बूट (रबरी टोपण) प्लगच्या चिनी मातीला चिकटल्यामुळे. आधी डावी-उजवीकडे थोडी थोडी फिरवा, चिकटलेपण सुटलं की सरळ वर ओढा. बोटं पुरत नसतील तर डोक्याखाली रुंद सुती नाडीचा फास घालून दोन्ही टोकं सारखी ओढा. तार वापरू नका, ती कापते.

कॉइल निघाली की लगेच पाना घालायची घाई नको. प्लग ज्यात बसतो त्या खड्ड्यात टॉर्चचा उजेड पाडून बघा. वाळू, चिखल, मेलेले किडे, कधी चक्क पाणी. प्लग सुटला की हे सगळं थेट सिलिंडरमध्ये जातं आणि वाळूचा एक कण पिस्टन रिंगला ओरखडे पाडायला पुरतो. कंप्रेसर नसला तर सायकलचा पंप आणि हाताशी असलेली बारीक नळी पुरते; डोळ्यांवर चष्मा हवा. खड्ड्यात पाणी असेल तर हेडच्या बाजूला बाहेर निघणारं निचऱ्याचं छोटं भोक शोधा. बऱ्याच हेडना ते असतं आणि चिखलाने बुजलेलं असतं. बारीक तारेने मोकळं करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याची कॉइल बरेचदा या बुजलेल्या भोकामुळे जाते, आणि बदलली जाते नुसती कॉइल.

पाना: लहान-मध्यम बाइकचा प्लग बहुतेक १० मिमी आट्यांचा आणि १६ मिमी षटकोनाचा असतो. गाडीबरोबर मिळालेला पातळ पत्र्याचा ट्यूब पाना उत्तम, कारण जाड भिंतीची साधी गोटी (सॉकेट) अरुंद खड्ड्यात उतरतच नाही. दांडा म्हणून त्याच्या भोकातून मजबूत स्क्रू ड्रायव्हर घाला. पाना तिरका झाला की चिनी माती फुटते, म्हणून एक हात पान्याच्या माथ्यावर दाबून ठेवा. हलत नसेल तर पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. तरीही नाही, तर भेदक तेलाचे (गंजलेले आटे सोडवणाऱ्या पातळ तेलाचे) दोन थेंब टाकून रात्रभर थांबा. पान्याला पाईप लावून लांब करू नका.

सैल झालेला प्लग खड्ड्यातच राहतो, आणि "मॅग्नेटवाली गोटी हवीच" म्हणतात ते यासाठीच. त्यावर साधा उपाय आहे: ६ मिमी भोकाची पेट्रोलची रबरी नळी, वीतभर. प्लगच्या टोकावर दाबून बसवा, फिरवत वर काढा. नळी पकडत नसेल तर तीच कॉइल पुन्हा प्लगवर दाबून वर घ्या.

बसवतानाही हीच नळी वापरा. तिची पकड इतकी हलकी असते की आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि आटे वाचतात. १९ मिमी लांबीच्या आट्यांच्या प्लगचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १ मिमी असतो, म्हणजे हाताने पंधराहून जास्त फेरे जायला हवेत. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर काढा, पुन्हा सुरू करा. टॉर्क रेंच (आवळायचा जोर मोजणारा पाना) नसेल तर प्लग टेकल्यावर नव्याला अर्धा फेरा, आणि जुनाच परत घालत असाल तर बाराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत जातो तेवढा. ॲल्युमिनियम हेडमधल्या १० मिमी प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर हा आकडा धरून चला. गाडीच्या माहितीपुस्तकात वेगळा असेल तर तो पाळा. "करकर वाजेपर्यंत आवळ" म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. कॉपरचं ग्रीसही आट्यांना नको: प्लगवर मुलामा असतोच, आणि ग्रीसमुळे तोच टॉर्क जास्त ताण देतो. कॉइलच्या बुटाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालेल, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं.

स्पार्क तपासायचा असेल तर प्लग कॉइलमध्ये बसवून त्याचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लगशिवाय मोकळ्या कॉइलवर सेल्फ मारू नका. वीज जायला वाट नसली की ती कॉइलचं इन्सुलेशन आतून फोडते.