पट्टा ग्राइंडरला मोटर कोणती, पुली केवढी

भाऊ, आधी काय घासायचं ते ठरव. विळे-कुऱ्हाडींना 1 एचपी, 1440 आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) सिंगल फेज मोटर पुरते. वखराच्या पाशीला 2 एचपी लागते. 4 इंची चाक थेट मोटरवर बसवलं, तर घासायचा पट्टा सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास पळतो. धारेला तेवढा बस. मोटरवर 5 इंची अन् चाकाच्या शाफ्टवर अडीच इंची पुली टाकली, की वेग दुप्पट, पण जोर निम्मा; हे दुकानदार सांगत नाही. माझा पहिला विळा तशाच वेगानं तापून निळा पडला, पाणीच उतरलं त्याचं, म्हणजे कडकपणा गेला. मोटर बंद बॉडीची घे, उघडीत लोखंडाची भुकटी शिरते. ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज पडलं, की मोटर फिरत नाही, नुसती घुंघुं करते. लगेच बंद कर, नाहीतर वाइंडिंग जळालंच समज.