गडद पॅनेलिंग उजळायचंय? आधी पॅनेल ओळखा

रंगाचा डबा उघडायची घाई नको. पॅनेल भरीव लाकडाचं आहे, व्हिनिअर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) आहे की नुसतं छापील लॅमिनेट, ते आधी बघा. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाची प्लेट काढली की कापलेली कड दिसते. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतही उतरल्या असतील तर लाकूड भरीव. व्हिनिअरचा थर बहुधा मिलिमीटरभरही नसतो. त्यावर घासायचं मशीन फिरवलंत की खालचा प्लाय उघडा पडलाच म्हणून समजा.

रंग द्यायचा तर जुनं पॉलिश पूर्ण खरवडायची गरज नाही. तेलकटपणा आणि मेण नीट पुसून काढा, 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मरेपर्यंत हलक्या हाताने घासा, धूळ टिपून घ्या. (आधीच रंगवलेलं जुनं पॅनेल असेल तर थांबा, त्या रंगात शिसं असू शकतं.)

मग प्रायमर, आणि इथे कंजुषी अजिबात नको. साध्या प्रायमरमधून टॅनिन, म्हणजे लाकडातलं तपकिरी डाग पाडणारं द्रव्य, वर येतं आणि पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखे डाग उमटतात, गाठींवर तर हमखास. वरून कितीही हात मारा, ते डोकावणारच. शेलॅकचा (लाखेचा), डाग अडवणारा प्रायमर घ्या. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा. खाचांत आधी ब्रश, लगेच सपाटीवर रोलर.

रंग न देता लाकडाच्या रेषा दिसत राहायला हव्या असतील तर ब्लीचचा विचार मनात येईल. ऑक्झॅलिक ॲसिडने लोखंडाचे काळे डाग जातात, लाकडाचा मूळ रंग नाही. तो घालवायला कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं दुहेरी ब्लीच लागतं, तेही पॉलिश उतरवलेल्या लाकडावर. उभ्या भिंतीवर ते ओघळतं; नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.