लेझर एनग्रेव्हिंग शिकायला सुरुवात करताना कोणाच्या सल्ल्यावर विसंबावे?

तुमचा प्रश्न असा आहे की घरच्या घरी लेझर एनग्रेव्हिंग शिकायचे आहे, लाकडी नेमप्लेट आणि लहान भेटवस्तूंपासून सुरुवात करायची आहे, परंतु व्हिडिओ करणारा प्रत्येक जण वेगळे आकडे सांगतो, विक्रेता आपलेच यंत्र उत्तम म्हणतो, मग विश्वास कोणावर ठेवायचा? मी नेमप्लेट आणि सन्मानचिन्हे लेझरवर करून देण्याचे काम करतो, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांशी माझा वरचेवर संबंध येतो. सल्ला देणारा या कामात किती जुना आहे हे मी फारसे पाहत नाही. आकडा सांगण्याआधी तो आपल्याला काय विचारतो ते पाहतो. ‘तीन मिलिमीटर प्लायला पॉवर किती ठेवू?’ या प्रश्नाला जो लगेच ‘साठ टक्के’ असे उत्तर देतो, त्याचा सल्ला खुशाल बाजूला ठेवावा. लेझर कोणता, प्रत्यक्ष वॅट किती, लेन्स कोणती, प्लाय कोणत्या गोंदाचा, हवेचा झोत आहे की नाही, असे जो आधी विचारतो, त्याचे पुढचे बोलणे ऐकण्यासारखे असते.

या प्रश्नांना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी लेझरचे तीन प्रकार माहीत असावे लागतात. घरगुती स्वस्त यंत्रांत डायोड लेझर असतो, त्याचा प्रकाश निळा, सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. नेमप्लेट आणि ट्रॉफीच्या दुकानांत जे मोठे यंत्र दिसते ते बहुधा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचे असते आणि त्याचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. (या लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये लावणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, ही गोष्ट या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असते.) तिसरा प्रकार फायबर लेझरचा, १०६४ नॅनोमीटरचा, आणि तो मुख्यतः धातूसाठी वापरतात. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कमध्ये जो सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो लेझरनेच कोरलेला असतो. या तरंगलांबींतील फरकामुळे एकच वस्तू तीन यंत्रांवर तीन प्रकारे वागते. पारदर्शक अॅक्रिलिक सीओटूवर लोण्यासारखे कापले जाते, परंतु डायोडचा निळा प्रकाश त्यातून आरपार निघून जातो आणि शीटवर ओरखडाही उमटत नाही. काचेचेही तेच, डायोडने काचेवर काम करायचे असेल तर आधी तिच्यावर रंगाचा किंवा तत्सम लेप द्यावा लागतो. म्हणून ‘लेझरने अॅक्रिलिक कापता येते’ हे विधान खरेही आहे आणि खोटेही आहे, आणि ते कोणत्या यंत्राबद्दल आहे हे जो सांगत नाही तो कळत किंवा नकळत दिशाभूल करतो.

वॅटच्या आकड्याचीही अशीच गंमत असते. प्रत्यक्ष प्रकाशशक्ती ५ वॅट असलेल्या डायोड यंत्राच्या जाहिरातीत अनेकदा ४० वॅट असे ठळक छापलेले असते, कारण तो आकडा यंत्र वीज किती ओढते त्याचा असतो, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नसतो. विक्रेत्याला ‘ऑप्टिकल पॉवर किती?’ एवढेच विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

आता व्हिडिओतल्या आकड्यांविषयी. ते बहुतेक वेळा खोटे नसतात, पण ते त्या माणसाच्या यंत्राचे, त्या दिवसाचे आणि त्या शीटचे असतात. सीओटूची काचेची नळी वापराने हळूहळू कमजोर होत जाते, त्यामुळे नव्या नळीचे साठ टक्के आणि जुन्या नळीचे साठ टक्के एकसारखे नसतात. शिवाय नळी पाण्याने थंड ठेवावी लागते आणि ते पाणी तापले की शक्ती उतरते, नळीचे आयुष्यही घटते. बादलीत पंप सोडून महाबळेश्वरला चालणारे यंत्र नागपूरच्या मे महिन्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, चालवणे शहाणपणाचे नाही. लेन्सवर धुराचा थर, फोकसमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक, शीटमधला ओलावा, यांतल्या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो. म्हणून जो शिक्षक तुमच्या वहीत आकडे लिहून देण्याऐवजी आकडे कसे काढायचे ते शिकवतो, तोच कामाचा. पद्धत सोपी आहे. ज्या शीटवर काम करायचे तिच्याच तुकड्यावर लहान चौकोनांची जाळी कोरायची. आडव्या ओळीत पॉवर वाढवत न्यायची, उभ्या रांगेत वेग वाढवत न्यायचा, आणि जो चौकोन मनासारखा उमटला त्याचे दोन्ही आकडे शीटचे नाव, जाडी व तारीख यांसह लिहून ठेवायचे. त्याआधी शीटचा एक तुकडा तिरका ठेवून त्यावर एक रेघ मारावी. रेघ जेथे सर्वांत बारीक दिसते ती उंची म्हणजे तुमचा खरा फोकस. भरीव कोरताना दोन रेघांमधले अंतर ०.१ मिलिमीटर, म्हणजे २५४ डीपीआय (एका इंचात २५४ रेघा), येथून सुरुवात केली तर बहुतेक लाकडांवर निराशा होत नाही. लाइटबर्न या सॉफ्टवेअरमध्ये ही चाचणीची जाळी आपोआप तयार होण्याची सोय आहे. ते विकत घ्यावे लागते, पण काही दिवस मोफत वापरून पाहता येते. विंडोजवर चालणारे लेझरजीआरबीएल मोफत आहे आणि डायोड यंत्रावर शिकण्यापुरते ते पुष्कळ झाले.

मार्गदर्शकाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र मालाच्या प्रश्नावर होते. त्याला विचारा, ‘सनबोर्ड लेझरवर कापता येईल का?’ आपल्याकडे सनबोर्ड या नावाने विकले जाणारे बहुतेक फोमशीट पीव्हीसीचे असते. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असते आणि लेझरने ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतोच, पण हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते आणि ते यंत्राचे रेल, बेअरिंग आणि लेन्स खाऊन टाकते. ‘कापता येते, फक्त थोडा वास येतो’ असे उत्तर मिळाले तर त्या माणसाकडून पुढे काहीही शिकू नये, मग त्याचे दुकान कितीही जुने असो. हाच धोका रेक्झिनमध्ये असतो, कारण कृत्रिम चामडे बरेचदा पीव्हीसीचेच असते. व्हिनायल स्टिकरमध्ये असतो. आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या डब्ल्यूपीसी बोर्डमध्येही असतो, कारण त्यातल्या पुष्कळ बोर्डांत लाकडाचा भुसा पीव्हीसीत मिसळलेला असतो. दुकानदाराला नेमके माहीत नसेल तर एक जुनी परीक्षा आहे: तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी, ती त्या प्लॅस्टिकला टेकवून थोडे प्लॅस्टिक तारेवर घ्यावे आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे असे समजून तो माल यंत्राजवळही नेऊ नये. ही परीक्षा मोकळ्या हवेत आणि अगदी लहान तुकड्यावर करावी. पॉलिकार्बोनेट पिवळे पडून धुमसते आणि एबीएस वितळून चिकटते, तेव्हा त्यांच्याही नादी लागू नये.

लाकडाच्या बाबतीत धोका कमी आहे, पण फसवणूक जास्त आहे. प्लायमध्ये लाकडाइतकाच गोंद महत्त्वाचा असतो. पाण्यात टिकणाऱ्या बीडब्ल्यूआर किंवा मरीन प्लायचा फिनॉलिक गोंद लेझरला सहजी दाद देत नाही; वरचा पदर कापला जातो आणि आत काळा गोंद तसाच राहतो, मग नवखा माणूस पॉवर वाढवत जातो आणि कडा कोळसा होतात. फर्निचरसाठी जो प्लाय उत्तम, तो लेझरसाठी बहुधा गैरसोयीचा, ही गोष्ट सुताराला सांगून पटत नाही, पण आहे खरी. सरावासाठी साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड, घ्यावा, कारण तो सगळीकडे एकसारखा असतो, त्यामुळे चूक शीटची की आपल्या सेटिंगची हे कळते. मात्र त्याच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघते, म्हणून धूर बाहेर नेण्याची सोय झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

सुरक्षिततेबद्दल मी लांबण लावत नाही, कारण येथे मतभेदाला जागा नाही. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गात मोडतो, म्हणजे ५ वॅटचा छोटा डायोडही त्या मर्यादेच्या दहापट आहे आणि त्याचा लाकडावरून परतलेला प्रकाशसुद्धा डोळ्यांना इजा करू शकतो. यंत्राबरोबर फुकट मिळणाऱ्या हिरव्या चष्म्यावर भरवसा ठेवू नये. चष्म्यावर तरंगलांबी आणि ओडी (चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचे माप) हे दोन्ही आकडे छापलेले असावेत, आणि त्यातली तरंगलांबी आपल्याच यंत्राची असावी. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग प्रकाश आत येतो. फायबर लेझरचा चष्मा डायोडला चालतोच असे नाही. उघड्या चौकटीचे यंत्र घेण्यापेक्षा झाकणाचे, झाकण उघडताच लेझर बंद होणारे यंत्र घ्यावे, विशेषतः घरात मुले असतील तर. सीओटूच्या नळीला हजारो व्होल्टचा पुरवठा असतो, तेव्हा अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय ते यंत्र चालू करू नये. आणि यंत्र चालू असताना खोलीबाहेर जाऊ नये, चहा आणायलासुद्धा. जो आपल्या व्हिडिओत ‘काम लावून मी झोपायला गेलो’ असे कौतुकाने सांगतो, त्याची सदस्यता त्याच क्षणी रद्द करावी.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण परदेशी व्हिडिओंत कधीच भेटत नाही, ती येथे सांगतो. देवनागरी अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांना जोडतात तेव्हा संगणकात त्यांच्या बाह्यरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर ‘पाटील’ नीट दिसते, पण लेझरवर कापायला दिले की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषा आडवी तुटते, आणि भरीव कोरायला दिले की जेथे दोन आकार एकमेकांवर येतात तेवढाच भाग कोरा राहतो. उपाय असा की अक्षरे आधी आकारात बदलून घ्यावीत आणि मग सर्व आकार एकजीव करावेत. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये या आज्ञेला युनियन म्हणतात, लाइटबर्न आणि कोरलमध्ये वेल्ड. अक्षरे आरपार कापायची असतील तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तेथे बारीक पूल ठेवावा लागतो. जुन्या लिपी-सॉफ्टवेअरमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची चिन्हे होतात, त्यामुळे ग्राहकाकडून मजकूर युनिकोडमध्ये मागावा आणि ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या मुक्ता किंवा बलू यांसारखे मुक्त परवान्याचे फाँट वापरावेत, म्हणजे विकायच्या वस्तूवरही ते निर्धास्त वापरता येतात. शिकवणारा मराठी असेल तर त्याला शिरोरेषेचा हा प्रश्न जरूर विचारा. त्याने स्वतःच्या हाताने नेमप्लेट केल्या असतील तर तो हसून उत्तर देईल.

प्रत्यक्ष मार्गदर्शन कोठे मिळेल, तर सर्वांत आधी सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर (यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बनवणाऱ्यांची स्वतःची माहितीपत्रके वाचावीत. ती रुक्ष असतात, पण त्यांत बढाई नसते. उदाहरणार्थ, कोपऱ्यांवर जास्त का जळते, याचे उत्तर अनेक डायोड यंत्रांच्या कंट्रोलरमध्ये चालणाऱ्या जीआरबीएल या प्रणालीच्या माहितीपत्रकातच आहे: कोपऱ्यावर यंत्राचा वेग मंदावतो, आणि वेगानुसार पॉवर कमी करणारी एम ४ ही आज्ञा त्यासाठीच दिलेली आहे. हाताने शिकायचे असेल तर पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाकडे चौकशी करावी, डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने भारतातील पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची सामायिक कार्यशाळा, उभी राहिली. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेली मेकर्स असायलम ही अशीच कार्यशाळा आता गोव्यात आहे. हे दोन्ही दूर पडत असतील तर आपल्या गावातल्या ट्रॉफी किंवा अॅक्रिलिकच्या दुकानात एखादे खरे काम घेऊन जावे, त्याचे पैसे द्यावेत आणि ते होत असताना शेजारी उभे राहू द्यावे अशी विनंती करावी. फुकट शिकवा म्हटले की माणूस टाळतो; गिऱ्हाईक म्हणून गेलो की तोच माणूस लेझरचा किरण वळवणारे आरसे कसे जुळवायचे तेही दाखवतो. अशा कारागिराचा हात आणि डोळा तयार असतो, परंतु धूर आणि चष्मा याबाबतीत तो बेफिकीर असण्याची शक्यता असते. त्याच्याकडून हातखंडा घ्यावा, सवयी घेऊ नयेत.

तुम्ही सांगितलेल्या कामासाठी, म्हणजे लाकडी नेमप्लेट आणि भेटवस्तूंसाठी, प्रत्यक्ष १० वॅटचे बंदिस्त डायोड यंत्र पुरेसे आहे. पारदर्शक अॅक्रिलिक हे मुख्य काम होणार असेल तरच सीओटूचा विचार करावा. घरात धूर थेट बाहेर सोडता येईल अशी खिडकी नसेल, तर तूर्त यंत्र घेऊ नये. डिझाइन घरी करावे, चाचणीची जाळी आणि नेमप्लेट दुकानातून कोरून आणावी, आणि अॅक्रिलिकची कामे खरोखर किती येतात तेही त्याच काळात पाहून घ्यावे.